मुलांच्या गो-कार्टचे स्टेअरिंग: दोष शोधण्याचा आणि काढण्याचा क्रम

आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी घरी बनवलेली किंवा जुनी विकत आणलेली गो-कार्ट पहिल्यांदा मैदानात उतरते, तेव्हा तक्रारी बहुधा ठरलेल्या असतात. गाडी एका बाजूला ओढते. वळवताना पुढची चाके घासत जातात. स्टेअरिंग इतके जड लागते की मूल दोन फेऱ्यांत थकते, किंवा वळण संपल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही आणि मूल गोंधळून जाते. अशा वेळी बाजूला उभी असलेली मोठी माणसे ‘पोराचा हात अजून बसला नाही’ असे म्हणून विषय संपवतात. हा निष्कर्ष काढण्याआधी गाडी मोजून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. तीस किलो वजनाचे मूल ज्या गाडीशी झगडत असते, तिच्या पुढच्या चाकांचे कोनच अनेकदा चुकलेले असतात, आणि हे कोन टेप, लाइनदोरी, ओळंबा व गुण्या एवढ्या साहित्यावर घरच्या घरी तपासता येतात.

दुसरे सांगणे क्रमाविषयी आहे. स्टेअरिंगमध्ये काही बिघाड जाणवला की बहुतेक जण पाना घेऊन थेट टायरॉड, म्हणजे पुढची चाके वळवणारे दांडे, फिरवू लागतात, कारण तोच भाग सहज हाती लागतो. परंतु टायरॉडने जे जुळवायचे असते, ते सर्वांत शेवटी जुळवायचे असते. आधी हवा आणि ढिलाई, मग चौकट, मग किंगपिन, मग स्टेअरिंग आर्म, मग पिटमन आर्म आणि शेवटी टायरॉड, असा क्रम ठेवावा. मागच्या पायरीतला दोष तसाच ठेवून पुढची पायरी उरकली, तर ती नंतर पुन्हा करावी लागते.

भाग, साहित्य आणि जागा

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यांना पुढील नावे नवीन वाटणार नाहीत. पुढच्या प्रत्येक चाकाचा आखूड आस म्हणजे स्टब ॲक्सल, आणि तो ज्या उभ्या बोल्टभोवती फिरतो तो किंगपिन. किंगपिनला वरून व खालून धरणारा, चौकटीला वेल्ड केलेला भाग म्हणजे ब्रॅकेट. स्टब ॲक्सलला जोडलेली पट्टी म्हणजे स्टेअरिंग आर्म. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला असलेली लहान पट्टी म्हणजे पिटमन आर्म, आणि तिथून दोन्ही बाजूंच्या स्टेअरिंग आर्मपर्यंत जाणारे दोन दांडे म्हणजे टायरॉड. टायरॉडच्या टोकांना आत गोळी असलेले रॉड एंड बसवलेले असतात.

मोजमापासाठी सपाट काँक्रीट किंवा फरशी हवी. वर्कशॉपमधील किंवा घरासमोरील अंगणातील पक्की जागा चालते. पाणसळ लावून ती चारही चाकांखाली समपातळीत आहे याची खात्री करावी. काळ्या मातीच्या वावरात मोजू नये आणि तिथे चालवून निष्कर्षही काढू नये, कारण मोकळ्या मातीत टायर सहज सरकतो आणि जे काँक्रीटवर लगेच घासण्याच्या आवाजाने कळले असते ते झाकले जाते. हात घालण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. गाडी बॅटरीवर चालणारी असेल तर बॅटरीची जोडणी सोडवावी.

एक गोष्ट नवख्या माणसाच्या हातून हमखास राहते. गो-कार्टला स्प्रिंग किंवा शॉकअप नसतात, त्यामुळे वजन पडल्यावर तिची पाईपची चौकटच थोडी वाकते आणि चाकांचे कोन बदलतात. म्हणून सर्व मापे सीटवर वजन ठेवूनच घ्यावीत. मुलाला तासभर स्थिर बसवून ठेवण्यापेक्षा त्याच्या वजनाइतकी ज्वारी किंवा सोयाबीन पोत्यात भरून ते पोते सीटवर टेकवून ठेवणे सोयीचे असते.

पहिली पायरी: हवा आणि ढिलाई

दोन्ही पुढच्या टायरांत हवा समान आहे का, हे मीटरने पाहावे. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नये. टायर लहान असल्याने थोड्याशा फरकानेही एका बाजूची उंची कमी होते आणि गाडी त्या बाजूला झुकून ओढू लागते. टायरच्या कडेवर छापलेला कमाल दाब ओलांडू नये. आपल्याकडील एप्रिल-मेच्या उन्हात टायर तापला की आतला दाब वाढतो, म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. मागचा ब्रेक एका बाजूला घासत नाही ना, हेही याच वेळी चाके उचलून व हाताने फिरवून पाहावे, कारण ब्रेकचा दोष पुष्कळदा स्टेअरिंगच्या माथी मारला जातो.

यानंतर ढिलाई. गाडीचे पुढचे टोक लाकडी ठोकळ्यांवर उचलून घ्यावे आणि एका चाकाला वरून व खालून धरून आत-बाहेर हलवावे. चाक हलत असेल तर दुसऱ्या माणसाला किंगपिनकडे नीट पाहायला सांगावे. चाक हलते पण स्टब ॲक्सल हलत नाही, असे असेल तर चाकाचे बेअरिंग गेलेले आहे. स्टब ॲक्सलही हलत असेल तर दोष किंगपिनमध्ये किंवा त्याच्या बुशमध्ये, म्हणजे किंगपिनभोवतीच्या नळीसारख्या अस्तरात आहे. मग चाकाला पुढून व मागून धरून तसेच हलवावे, म्हणजे टायरॉडच्या टोकांतील ढिलाई हाताला लागते.

किंगपिन बाहेर काढून उजेडात न्यावा आणि त्यावरून नख फिरवावे. चांगल्या किंगपिनचा मधला भाग एकसारखा गुळगुळीत असतो. झिजलेल्या किंगपिनवर ब्रॅकेटच्या जागी एका अंगाला चकाकणारी कडी उमटलेली दिसते आणि तिच्या कडेला नख अडकते. ब्रॅकेटचे भोकही त्याच दिशेने लांबट झालेले असते. घरगुती गाड्यांत याचे एक कारण वारंवार आढळते: किंगपिन म्हणून शेवटपर्यंत आटे पाडलेला बोल्ट वापरलेला असतो. आट्यांच्या धारा बुशला कानशीसारख्या खातात आणि काही दिवसांतच ढिलाई येते. बुशमध्ये राहणारा भाग पूर्ण गुळगुळीत असेल, एवढ्या लांबीचा आणि डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा ग्रेड कोरलेला बोल्टच इथे घालावा. भोक लांबट झाले असेल तर वॉशर घालून तात्पुरते भागवण्यापेक्षा लेथवर गनमेटलचा बुश तयार करून बसवावा. कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील टर्नरसाठी हे किरकोळ काम आहे. नायलॉक नट एकदा काढला की पुन्हा वापरू नये, कारण त्यातील नायलॉनची पकड पहिल्याइतकी राहत नाही.

दुसरी पायरी: चौकट गुण्यात आहे का

गवंडी पाया आखताना कर्ण मोजून चौकोन तपासतो, तसेच इथे करायचे आहे. डाव्या किंगपिनच्या मध्यापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर आणि उजवीकडील तेच अंतर समान हवे. मग मागच्या आसावर गाडीच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खुणा करून तिरपे कर्ण मोजावेत. या लेखातील सर्व उदाहरणांसाठी आपण पुढच्या व मागच्या आसांतील अंतर १००० मिमी आणि दोन किंगपिनमधील अंतर ७०० मिमी धरू. मागच्या खुणा मध्यापासून ३५० मिमीवर केल्या, तर प्रत्येक कर्ण सुमारे १२२१ मिमी यायला हवा. दोन्ही कर्णांत दोन-तीन मिमीचा फरक घरगुती गाडीत चालून जातो. फरक दहा मिमीच्या घरात गेला तर चौकट तिरकी झाली आहे किंवा मागचा आस वाकडा बसला आहे असे समजावे. आस वाकडा असेल तर त्याच्या बेअरिंगचे बोल्ट सैल करून तो सरकवता येतो. चौकटच तिरकी असेल तर मात्र ती फॅब्रिकेशनच्या दुकानात नेणे भाग आहे, आणि ते काम होईपर्यंत पुढची कोणतीही पायरी हाती घेऊ नये.

तिसरी पायरी: किंगपिनचे दोन कोन

किंगपिन उभा दिसत असला तरी तो दोन दिशांनी किंचित कललेला असावा लागतो.

पहिला कल मागच्या बाजूला असतो. गाडीकडे कडेने पाहिले तर किंगपिनचे वरचे टोक खालच्या टोकापेक्षा मागे दिसले पाहिजे. याला कॅस्टर म्हणतात. किंगपिनची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते, त्यामुळे टायर त्या बिंदूच्या मागे ओढला जातो आणि वळण संपले की आपोआप सरळ होऊ पाहतो. कॅस्टर शून्य असेल तर स्टेअरिंग सोडले तिथेच राहते. वरचे टोक पुढे झुकलेले असेल तर थोडे वळवताच स्टेअरिंग स्वतःहून आणखी वळू लागते, आणि लहान मुलासाठी ती अवस्था धोक्याची आहे. शर्यतीच्या गो-कार्टमध्ये हा कोन पुष्कळ मोठा ठेवतात, कारण तिथे स्टेअरिंग वळवल्यावर आतल्या बाजूचे मागचे चाक जमिनीवरून किंचित उचलले जावे अशी योजना असते. त्याची नक्कल मुलांच्या गाडीत करू नये. स्टेअरिंग जड होते आणि मुलाचे मनगट दुखते. माझ्या मते मुलांच्या संथ गाडीसाठी ८ ते १० अंश योग्य आहेत. मोजायला सोपे म्हणजे ओळंब्याची दोरी किंगपिनच्या वरच्या टोकाच्या मध्यातून सोडावी. १०० मिमी उंचीच्या किंगपिनचे खालचे टोक दोरीच्या १४ ते १८ मिमी पुढे असेल तर कोन या मर्यादेत आहे.

कोन किती आहे याहून दोन्ही बाजूंना तो सारखा आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. डावीकडे १० आणि उजवीकडे ६ अंश असतील, तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे ओढत राहील, आणि टायरॉड कितीही फिरवला तरी ते ओढणे थांबणार नाही.

दुसरा कल आतल्या बाजूला असतो. गाडीकडे समोरून पाहिले तर किंगपिनची वरची टोके गाडीच्या मध्याकडे झुकलेली असावीत. स्टेअरिंगच्या जडपणाशी याचा थेट संबंध आहे. किंगपिनची रेषा जमिनीला जिथे मिळते, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर हा एक तरफेचा हात असतो. तो जितका लांब, तितका प्रत्येक खड्ड्याचा आणि खड्याचा हिसका मुलाच्या हातात येतो. समजा टायरचा मध्य किंगपिनपासून ११० मिमी बाहेर आहे आणि चाकाचा मध्य जमिनीपासून १३० मिमी उंच आहे. किंगपिन आतल्या बाजूला अजिबात कललेला नसेल तर हा हात पूर्ण ११० मिमीचा राहतो. तो १० अंश आत कलवला तर हात सुमारे ८७ मिमीवर येतो. कोन बदलणे शक्य नसल्यास स्टब ॲक्सलवर चाकाच्या आतल्या बाजूला घातलेली कडी काढून बाहेरच्या बाजूला घालावी, म्हणजे चाक तेवढेच किंगपिनजवळ येते. स्टेअरिंग जड असल्याची तक्रार कित्येकदा एवढ्याने मिटते. चाक आत घेतल्यावर ते पूर्ण वळवून पाहावे आणि रिम ब्रॅकेटला किंवा टायरॉडला लागत नाही याची खात्री करावी.

ब्रॅकेट कापून पुन्हा जोडायचे ठरले, तर ज्या कोनात बसवायचे त्याच कोनाचा प्लायवूडचा साचा कापून घ्यावा आणि दोन्ही बाजूंना तोच साचा उलटसुलट करून लावावा. वेल्डिंग करताना लोखंड ओढले जाते, म्हणून आधी सगळीकडे लहान टाके मारावेत, माप पुन्हा घ्यावे आणि मग आलटून पालटून थोडे थोडे वेल्डिंग करावे. पेट्रोलची टाकी आधी उतरवून दूर न्यावी. या जोडकामात जीआय पाईप वापरू नये. त्यावरील जस्ताच्या धुराने वेल्डिंग करणाऱ्याला ताप भरतो आणि जोडही चांगला येत नाही. स्टेअरिंगच्या भागांचे वेल्डिंग स्वतः शिकत असताना करण्यासारखे नाही, ते सरावाच्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तडा गेलेला किंवा वाकलेला स्टब ॲक्सल सरळ करून पुन्हा वापरू नये, तो भंगारात टाकावा. वाकला आहे की नाही हे पाहण्यासाठी चाक सरळ ठेवून रिमला गुण्या लावावा आणि रिमची वरची व खालची कड गुण्यापासून किती दूर आहे ते दोन्ही चाकांवर ताडून पाहावे. हवा आणि किंगपिनचे कोन दोन्ही बाजूंना सारखे असूनही एका चाकाचा कल स्पष्टपणे वेगळा दिसला, तर त्या बाजूचा स्टब ॲक्सल वाकलेला आहे.

चौथी पायरी: दोन चाके, दोन वेगळी वळणे

या विषयाचा गाभा इथे आहे. गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळावर आणि बाहेरचे चाक मोठ्या वर्तुळावर चालते, पण दोन्ही वर्तुळांचे केंद्र एकच असावे लागते आणि ते मागच्या आसाच्या वाढवलेल्या रेषेवर असते. म्हणून आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळले पाहिजे. दोन्ही चाके समांतर वळली, तर त्यांतले एक तरी चाक फरफटत जाते. पूर्वीच्या चारचाकी घोडागाड्यांत पुढचा संपूर्ण आसच मध्यावर फिरत असे, त्यामुळे हा प्रश्न येत नव्हता, परंतु तीव्र वळणावर गाडी उलटण्याचा धोका असे. दोन्ही चाके आपापल्या किंगपिनवर फिरवण्याची रचना म्युनिकचे गाडी बनवणारे गेऑर्ग लँकेनस्पेर्गर यांनी केली आणि त्यांच्या वतीने रुडॉल्फ ॲकरमन यांनी लंडनमध्ये १८१८ साली तिचे पेटंट घेतले. ही रचना आजही ॲकरमन यांच्याच नावाने ओळखली जाते.

ती गाडीत उतरवण्यासाठी एक लाइनदोरी पुरते. मागच्या आसाच्या बरोबर मध्यावर दोरीचे एक टोक बांधावे आणि चाके सरळ ठेवून दुसरे टोक किंगपिनच्या मध्यावर ताणून धरावे. स्टेअरिंग आर्मवरील टायरॉडचे भोक या दोरीच्या खाली किंवा वर, पण तिच्याच रेषेत यायला हवे. आपल्या उदाहरणातील गाडीत ही रेषा १००० मिमी मागे जाताना ३५० मिमी आत येते, म्हणजे किंगपिनपासून १०० मिमी मागे असलेले भोक ३५ मिमी आत असले पाहिजे. दोन्ही बाजूंना हीच तपासणी करावी.

काही गाड्यांत स्टेअरिंग आर्म किंगपिनच्या पुढे निघालेले असतात. तेव्हा तीच रेषा पुढे वाढवायची असते, आणि ती बाहेरच्या बाजूला, चाकाकडे जाते. इथेच सर्वांत मोठी गफलत होते. मागे जाणारे आर्म असलेले डावे व उजवे स्टब ॲक्सल अदलाबदल होऊन बसले, तर आर्म पुढे येतात आणि तरीही आतच झुकलेले राहतात. अशा गाडीत बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त वळते, म्हणजे सगळे उलटे होते. मूल स्टेअरिंग पूर्ण वळवते, तरी गाडी नाक पुढे रेटत सरळच जाऊ पाहते आणि काँक्रीटवर टायरच्या काळ्या रेघा उठतात. असे दिसले तर काही कापाकापी करण्याआधी दोन्ही स्टब ॲक्सल काढून बाजू बदलून पाहाव्यात.

दोरीने जुळवलेला कोन ही सुरुवात समजावी. पिटमन आर्म तिरक्या दांड्यावर फिरत असल्याने प्रत्यक्षातले वळण थोडे बदलते, म्हणून अंतिम माप चाकांवरच घ्यावे. प्रत्येक पुढच्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला एक सरळ लाकडी पट्टी सुतळीने आडवी बांधावी. चाके सरळ असताना पट्टीच्या बाजूने जमिनीवर खडूची रेघ ओढावी. मग स्टेअरिंग एका बाजूला वळवून आतले चाक ३० अंश वळेल असे ठेवावे आणि पुन्हा रेघ ओढावी. कोनमापक नसेल तरी अडत नाही: दोन रेघा जिथे छेदतात, तिथून सरळ रेघेवर ५०० मिमी मोजून तिथे गुण्याने काटकोन टाकावा, दुसरी रेघ त्या जागी २८९ मिमी दूर असेल तर कोन ३० अंश आहे. आता बाहेरच्या चाकाकडे तेच माप घ्यावे. आपल्या उदाहरणात ते सुमारे २०६ मिमी, म्हणजे साधारण २२.४ अंश यायला हवे. तिथेही २८९ आले तर चाके समांतर वळत आहेत. २१५-२२० आले तर मुलांच्या गाडीला ते पुरेसे जवळ आहे. गाडीची मापे वेगळी असतील तर हिशेब असा करावा: बाहेरच्या कोनाच्या कोटँजंटमधून आतल्या कोनाचा कोटँजंट वजा केला की किंगपिनमधील अंतर भागिले आसांमधील अंतर एवढे उत्तर यावे. आपल्या गाडीसाठी ते ०.७ आहे.

पुढचे सगळे बरोबर असूनही गाडी वळताना अडत असेल, तर मागचा आस पाहावा. बैलगाडीची दोन्ही चाके आसावर स्वतंत्र फिरतात, म्हणून ती सहज वळते. आपल्या गो-कार्टमध्ये मात्र पुष्कळदा मागची दोन्ही चाके चावी (चाक व आस एकत्र अडकवणारा लोखंडी तुकडा) ठोकून एकाच आसावर पक्की केलेली असतात. आतले चाक ३० अंश वळवून आपल्या उदाहरणातील गाडी फिरवली, आणि तिच्या मागच्या चाकांत ८०० मिमी अंतर असेल, तर मागचे बाहेरचे चाक आतल्याच्या जवळजवळ दीडपट अंतर कापते. आस एकच असल्याने दोन्ही चाकांना सारखेच फिरावे लागते आणि गाडी वळणाला विरोध करते. उपाय म्हणजे एक मागचे चाक बेअरिंगवर मोकळे ठेवावे आणि दुसऱ्याच चाकाला जोर द्यावा. मात्र ब्रेक त्या आसावरच असेल, तर मोकळ्या चाकाला ब्रेक मिळत नाही हे ध्यानात ठेवून त्या चाकासाठी वेगळा ब्रेक बसवावा.

पाचवी पायरी: पिटमन आर्म आणि अटकाव

स्टेअरिंग सरळ असताना पिटमन आर्म बरोबर मध्यावर, सरळ खाली असावा आणि दोन्ही टायरॉड सारख्या लांबीचे असावेत. पिटमन आर्म लांब असेल तर स्टेअरिंग थोडे हलवताच चाके झटकन वळतात, आणि तेवढ्याच प्रमाणात ते जडही लागते. नवशिक्या मुलासाठी पिटमन आर्म ६० ते ७० मिमी आणि स्टेअरिंग आर्म सुमारे १०० मिमी ठेवावा, असे मला वाटते. मग स्टेअरिंग हलके लागते आणि घाबरून हात हलला तरी गाडी एकदम फिरत नाही.

स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायरॉड आणि स्टेअरिंग आर्म कधीही एका सरळ रेषेत येता कामा नयेत. ते एका रेषेत आले की टायरॉडला आर्म फिरवण्यासाठी पकड उरत नाही, आणि त्यापुढे गेले की चाक उलट्या बाजूला अडकून बसते व मुलाने कितीही जोर लावला तरी स्टेअरिंग परत येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना, टायरॉड व आर्म यांच्यात निदान ३० अंशांचा कोन शिल्लक असतानाच स्टेअरिंग थांबेल, असे लोखंडी अटकाव ब्रॅकेटवर वेल्ड करून घ्यावेत. टायर चौकटीला, पेडलला किंवा मुलाच्या पायाला लागण्याच्या आत हे अटकाव टेकले पाहिजेत. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त गाड्यांतही कधी कधी हे अटकाव नसतात. नसतील तर ते बसवल्याशिवाय मुलाला गाडीत बसवू नये.

सहावी पायरी: टायरॉड आणि टो

आता टायरॉडची वेळ आली. स्टेअरिंग सरळ ठेवून पिटमन आर्म मध्यावर दोरीने घट्ट बांधावा. दोन्ही पुढच्या टायरांच्या पृष्ठभागाच्या मध्यावर, पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूने खूण करावी आणि दोन खुणांमधील अंतर मोजावे. मग गाडी पुढे ढकलून चाके अर्धा फेरा फिरवावीत, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येतात, आणि पुन्हा मोजावे. चौकट मध्ये येऊन टेप सरळ धरता येत नसेल, तर खुणांपासून ओळंबा सोडून जमिनीवर बिंदू पाडावेत आणि त्यांच्यातील अंतर मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा २ मिमी कमी असावे, म्हणजे चाके पुढून किंचित आत वळलेली असावीत. पुढच्या व मागच्या अंतरांतील या फरकालाच टो म्हणतात. चालताना जमिनीचा विरोध चाकांना बाहेर ढकलतो आणि जोडांतील उरलीसुरली ढिलाई भरून निघते, तेव्हा ती जवळजवळ समांतर होतात.

फरक किती फिरवल्याने किती पडतो, हे आधी माहीत असले तर वेळ वाचतो. ८ मिमी जाडीच्या आट्याचा एक फेरा १.२५ मिमी असतो. स्टेअरिंग आर्म १०० मिमीचा आणि टायर सुमारे २६० मिमी व्यासाचा असेल, तर एका बाजूचा रॉड एंड सोडवून तो अर्धा फेरा फिरवल्यास टो सुमारे दीड मिमीने बदलते. टायरॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतील तर रॉड एंड सोडवावाच लागत नाही. दांडाच पाव फेरा फिरवला की तेवढाच फरक पडतो. शक्य तितका दोन्ही टायरॉडवर सारखाच फरक करावा, नाहीतर टो जुळते पण स्टेअरिंग वाकडे राहते. रॉड एंडचे किमान १२ मिमी आटे दांड्याच्या आत असलेच पाहिजेत. चेकनट, म्हणजे रॉड एंड जागच्या जागी पक्का धरणारा नट, आवळताना दोन्ही टोकांचे डोळे एकाच पातळीत धरावेत, आणि आवळून झाल्यावर दांडा हाताने थोडा मागेपुढे डोलतो का ते पाहावे. डोलला नाही तर गोळी अडकली आहे. रॉड एंडच्या बोल्टवर बाहेरून मोठा वॉशर घालावा, म्हणजे गोळी निखळली तरी टायरॉड सुटून पडत नाही. शेवटी प्रत्येक नट आणि बोल्ट यांच्यावरून रंगाची एक सलग रेघ ओढावी.

सातवी पायरी: चालवून पाहणे

पहिली फेरी इंजिन बंद ठेवून घ्यावी. मुलाला बसवून मोठ्या माणसाने मागून चालत ढकलावे आणि मुलाला क्षणभर स्टेअरिंग सैल धरायला सांगावे. गाडी सरळ जात असेल आणि थोडे वळवून सोडल्यावर स्टेअरिंग आपणहून मध्याकडे येत असेल, तर इंजिन सुरू करावे. त्यासाठी शाळेचे मैदान किंवा मोंढ्यातील काँक्रीटचे आवार सुटीच्या दिवशी परवानगी घेऊन वापरावे. सार्वजनिक रस्त्यावर गाडी नेऊ नये. मुलाच्या डोक्यावर हेल्मेट असावे आणि ओढणी, मफलर, मोकळे केस यांपैकी काहीही साखळीच्या किंवा स्टेअरिंगच्या दांड्याच्या जवळ येता कामा नये. खुणेसाठी विटा ठेवू नयेत, जुने टायर ठेवावेत, आणि दोन टायरांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फेरी सावकाश घ्यायला लावावी.

मुलाला काय वाटले ते नीट विचारावे, कारण हाताला लागलेली गोष्ट त्यालाच ठाऊक असते. एकाच बाजूचे वळण जड वाटले तर त्या बाजूचा किंगपिन किंवा अडकलेला रॉड एंड पाहावा. वेग वाढल्यावर स्टेअरिंग थरथरत असेल तर पहिल्या पायरीकडे परत जावे, कुठेतरी ढिलाई राहिली आहे. फक्त ब्रेक लावतानाच गाडी ओढत असेल तर स्टेअरिंगला हात लावू नये, ब्रेक तपासावा.

पहिल्या अर्ध्या तासानंतर गाडी थांबवून रंगाच्या रेघा पाहाव्यात. जिथे रेघ तुटलेली दिसेल तिथला नट काढून नवा घालावा. मूल वाढत जाते, तशी सीट मागे सरकवावी लागते आणि पुढच्या चाकांवरचे वजन कमी होते. म्हणून सीट हलवली की पोत्यात नव्या वजनाइतकी ज्वारी भरून सहावी पायरी पुन्हा करावी.